उजेडात लपलेले ठिपके

आमच्या भौतिकशास्त्र विभागाच्या दारात एकदा एक माणूस डावा हात उजव्या हाताने सांभाळत येऊन उभा राहिला. मनगट टम्म सुजलेलं. लासलगावच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या चढवताना ट्रकवरून पडला होता. गाडीवाल्याने त्याला नाशिकपर्यंत आणून आमच्या कॉलेजच्या गेटवर सोडलं, आणि गेटवरच्या शिपायाने त्याला मनापासून मदत केली, "एक्स-रेच्या मॅडम वरच्या मजल्यावर बसतात. डाव्या हाताला."

"म्याडम, हाताचा फोटो काढा ना," तो म्हणाला. "लय ठणकतंय."

मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "दादा, माझ्याकडे एक्स-रेचं मशीन नाही हो."

"मंग ह्ये काय हाय?" त्याने माझ्या कॉम्प्युटरकडे मान वळवली. पडद्यावर काळ्या आकाशात एक पांढुरका, कडेला विरत गेलेला गोळा होता आणि त्यात इकडेतिकडे बारीक ठिपके.

"एक्स-रेच आहे. पण आकाशाचा."

तो स्वतःचं दुखणं विसरून बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिला. मग काळजीने विचारलं, "कुठं मोडलंय?"

मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, हाड बसवून प्लॅस्टर होईपर्यंत थांबले. पण आयुष्यभर मला माझ्या कामाबद्दल जे प्रश्न विचारले गेले, त्यांत त्याचा प्रश्न सगळ्यात नेमका होता. गुळगुळीत दिसणाऱ्या चित्रात वेगळं काय आहे, आणि जे वेगळं दिसतंय ते खरोखर आहे का, एवढंच तर मी शोधत होते.

आता निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, एवढी वर्षं नक्की काय केलं? शिकवलं, हे सगळ्यांना कळतं. बाकीचं सांगायला थोडी जागा लागते.

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेकडो दीर्घिका जिथे एकमेकींच्या ओढीने एकत्र राहतात, त्याला दीर्घिकासमूह म्हणतात. त्या समूहात दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे अतिशय विरळ आणि कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला असतो. एवढा तापलेला वायू डोळ्यांना दिसणारा उजेड फारसा देत नाही, क्ष-किरण देतो. क्ष-किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत, म्हणून ते टिपायला दुर्बीण उपग्रहावर ठेवावी लागते. त्या चित्रात समूह म्हणजे एक धूसर गोळा. मध्ये प्रखर, कडेला मंद.

या गोळ्याच्या आत छोटे छोटे वेगळे स्रोतही लपलेले असतात. एखाद्या दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर वायू गिळत असतं, ते एक ठिपका. एखादी दीर्घिका आपला स्वतःचा गरम वायू धरून राहिलेली असते, तो जरा फुगीर ठिपका. त्यांच्यामुळे समूह कसा घडला, कोण नव्याने येऊन मिळालं, हे कळतं. पण गोळ्याच्या उजेडात ते बुडून जातात. दिवाळीच्या रोषणाईत एक पणती कोणती हे लांबून ओळखायला सांगावं तसं.

माझं काम ती पणती शोधायचं.

माझं गाव सुरगाण्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून. भात आणि नागली पिकवणारं आमचं कोकणा आदिवासी कुटुंब. पावसाळा सरला की वडील निफाडकडे द्राक्षबागांत छाटणीला जायचे, मी आश्रमशाळेत राहायचे. शाळेतल्या एका गुरुजींनी भिंगाने कागद जाळून दाखवला आणि मला भौतिकशास्त्राची गोडी लागली, इतकं ते साधं आहे. पुढे एम.एस्सी. झाले, नाशिकच्या एका कॉलेजात अधिव्याख्याता झाले. माझी नेमणूक राखीव जागेवर होती. ती माझ्या हक्काची होती आणि मला तिचा कधीच संकोच वाटला नाही. इतरांना वाटायचा.

नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात मला पीएच.डी.साठी अभ्यासरजा मिळाली, तेव्हा स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ प्राध्यापक चहा पिता पिता सहज बोलले, "आता काय, यांना जागा मिळते, रजा मिळते. पीएच.डी.सुद्धा मिळेल."

मी तिथेच होते. चहा संपवून तासावर गेले. पण ते 'मिळेल' माझ्या डोक्यात रुतून बसलं.

माझे मार्गदर्शक डॉ. सबनीस पुण्याला एका संशोधन संस्थेत होते. उंच, किरकोळ अंगाचे, बोलताना सतत खिशातलं पेन काढून परत खिशात ठेवणारे. परदेशी उपग्रहांनी घेतलेली चित्रं काही काळाने जगातल्या सगळ्या अभ्यासकांना खुली होतात. त्यांतल्या एका दीर्घिकासमूहाचं चित्र त्यांनी मला दिलं. एसटीने पुण्याला जायचं, सीडीवर माहिती उतरवून घ्यायची आणि पर्समध्ये जपून नाशिकला आणायची, अशा माझ्या फेऱ्या चालायच्या. शेजारच्या सीटवरच्या बाईला मी एकदा सांगितलं, की या पर्समध्ये हजार दीर्घिका आहेत. तिने पर्स जरा आपल्यापासून लांब ठेवायला सांगितली.

चित्र म्हणजे तरी काय? बारीक बारीक चौकटींचा एक मोठा पट. प्रत्येक चौकटीत क्ष-किरणांचे किती कण, म्हणजे फोटॉन, येऊन पडले, तो आकडा. बहुतेक चौकटींत शून्य. कुठे एक, कुठे दोन. गोळ्याच्या मध्यभागी जास्त. फोटॉन पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे कुठेही, कसेही पडतात. फरशीवर चार थेंब जवळजवळ पडले म्हणून त्या जागी छप्पर गळतंय असं म्हणता येत नाही. तसेच चार फोटॉन जवळ पडले म्हणून तिथे स्रोत आहे असं म्हणता येत नाही. मग किती पडले की म्हणायचं? याला आम्ही उंबरठा म्हणायचो. तो खाली ठेवला तर खोटे ठिपके घरात शिरतात, वर ठेवला तर खरे बाहेर राहतात.

ठिपके वेगळे काढायला गणिताची एक चाळणी असते. स्वयंपाकघरात रव्याची चाळणी वेगळी, पिठाची वेगळी. तशा इथेही वेगवेगळ्या मापाच्या चाळण्या चित्रावरून फिरवायच्या. बारीक चाळणी बारीक ठिपक्यावर थबकते, मोठी चाळणी मोठ्या फुगवट्यावर. पसरट, सपाट उजेडावरून दोन्ही सरकून जातात. कागदावर हे फार छान वाटतं.

पहिल्याच महिन्यांत मला एक ठिपका मिळाला, लखलखीत. मी धावत कॉलेजबाहेरच्या एसटीडी बूथवर गेले आणि पुण्याला फोन लावला.

"सर, सापडला! कुठल्याच जुन्या नोंदीत नाही असा स्रोत आहे!"

सरांनी ठिपक्याची जागा विचारली, मी सांगितली. मग सर म्हणाले, "कुसुम, तो आकाशात आहे की कॅमेऱ्यात?"

उपग्रह चित्र घेताना मुद्दाम थोडासा डोलत असतो. त्यामुळे आकाशातली वस्तू कॅमेऱ्यावर जागा बदलते. कॅमेऱ्यातलाच दोष असेल तर तो कॅमेऱ्याच्या त्याच जागी बसून राहतो. मी परत जाऊन तपासलं. माझा लखलखीत स्रोत कॅमेऱ्याच्या एका कोपऱ्यात मांडी घालून बसला होता, आणि त्याच कॅमेऱ्याने घेतलेल्या दुसऱ्या एका समूहाच्या चित्रातही तिथेच होता. त्यानंतर काहीही सापडलं की मी आधी त्याच्यावर संशय घ्यायला शिकले.

घरी माझे पती यशवंत. ते एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात ऑपरेटर होते. मी घरच्या कॉम्प्युटरवर तासन् तास गणित लावलेलं असायचं आणि ते संपत आलं की वीज जायची. असं झालं की यशवंत अपराध्यासारखे स्वयंपाकघरात जायचे. "मी तर सकाळी चालू करून आलो होतो," असं एकदा म्हणाले. पुढे त्यांनी अंबडच्या एका ओळखीच्या कारखान्यातून जुनी पण धडधाकट बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळवला आणि स्वतः जोडून दिला. माझ्या प्रबंधात त्यांचे आभार आहेत, ते त्या बॅटरीबद्दल. बाकीचे आभार लिहायचे नसतात.

आणि कॉलेजात शेख सर. ते कॉम्प्युटर शिकवायचे. मूळ मालेगावचे, घरात यंत्रमाग. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. माझे प्रोग्रॅम अडले की मी त्यांच्याकडे जायची. त्यांना खगोलशास्त्रात मुळीच रस नव्हता. "मॅडम, तुमचे तारे तुमच्याकडे ठेवा, मला फक्त एरर दाखवा," असं म्हणायचे.

दोन वर्षांच्या शेवटी माझ्याकडे अकरा ठिपके होते. अकराच्या अकरा कॅमेऱ्याच्या परीक्षेतून पार पडलेले. पाच गोळ्याच्या कडेला, सहा आतल्या भागात, गाभ्याजवळ. त्यांतला एक, गाभ्याच्या पूर्वेला, माझा लाडका. त्याच्याच जागी साध्या दुर्बिणीच्या चित्रात एक अंधूक दीर्घिका दिसत होती. म्हणजे इथे कृष्णविवर असणार. प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण मी त्याच्यावर लिहायला घेतलं होतं. या अकरा ठिपक्यांवरचा शोधनिबंध परदेशी नियतकालिकाकडे पाठवला, आणि काही महिन्यांनी परीक्षकाचं मत आलं. परीक्षकाचं नाव कळत नसतं. त्याने थोडक्यात म्हटलं होतं, की बाहेरचे ठिपके पटतात. पण गाभ्याजवळचे ठिपके बाईंना दिसतात म्हणून आहेत असं मला वाटतं.

'बाईंना' हे मी माझ्याकडून जोडलं. त्याने 'लेखकांना' म्हटलं होतं. पण वाचताना मला तसंच ऐकू आलं.

मी चिडून पुण्याला गेले. सबनीस सरांनी मत वाचलं, पेन खिशातून काढलं, परत ठेवलं.

"याला उत्तर देता येईल," ते म्हणाले. "उंबरठा कसा ठरवला ते दोन परिच्छेदांत समजावून सांग. आणि लवकर. याच समूहावर परदेशातला एक गट काम करतोय. त्यांचं आधी छापून आलं तर तुझ्या कामातलं नावीन्य गेलं."

"सर, उत्तर देता येईल. पण मला ते दाखवता येईल का?"

"दाखवायचं म्हणजे?"

"म्हणजे कोणीतरी माझी परीक्षा घ्यायला हवी."

परतीच्या गाडीत मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी शेख सरांसमोर जाऊन बसले. त्यांना म्हटलं, मी तुम्हाला एक खोटा समूह बनवायची कृती देते. निव्वळ वायूचा गोळा, आपल्या समूहासारखाच. त्यावर फोटॉन कॉम्प्युटर पाडेल, नशिबाने पडतील तसे. मग तुम्ही त्यात तुमच्या मनाने खोटे ठिपके पेरा. कुठे पेरले, किती पेरले, मला सांगायचं नाही. मी माझ्या चाळणीने ते शोधून दाखवते.

शेख सरांना पहिल्यांदा माझ्या कामात रस वाटला. "म्हणजे लपाछपी," ते म्हणाले. "यात मी चांगला आहे."

त्यांनी काही दिवसांत दहा चित्रं तयार केली. रविवारी दुपारी कॉलेज रिकामं असायचं, तेव्हा आम्ही प्रयोगशाळेत बसलो. मी एकेका चित्रातले ठिपके सांगायची, ते पडद्याकडे न बघता "बरोबर", "हा राहिला", "हा चुकला" असं म्हणायचे. कडेचे ठिपके मी धडाधड ओळखले. गाभ्याजवळ थोडी गडबड होत होती, पण मला आत्मविश्वास होता. सातव्या चित्रात मी चार ठिपके सांगितले, सगळे आतल्या भागात.

शेख सरांनी आपली यादी परत एकदा बघितली.

"काय झालं? किती बरोबर?"

"मॅडम, परत एकदा बघता का?"

मी परत चाळणी फिरवली. तेच चार. एक तर इतका ठळक, की माझ्या पूर्वेच्या ठिपक्याचा सख्खा भाऊ वाटावा. "चार आहेत," मी ठामपणे म्हटलं.

शेख सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "मॅडम, या चित्रात मी काहीच टाकलं नव्हतं. बघू या म्हटलं, रिकामं दिलं तर काय होतं."

मी त्या चार ठिपक्यांकडे बघत राहिले. त्यांच्यावर मी त्यांच्या आकारासकट, तेजासकट एक प्रकरण लिहू शकले असते. आणि ते कुठेच नव्हते.

"तुम्ही रागावलात का?" शेख सरांनी विचारलं.

"नाही. तुम्ही आणखी रिकामी चित्रं बनवा," मी म्हटलं. "भरपूर बनवा."

पुढचे दोन आठवडे कॉम्प्युटर रिकामे समूह बनवत होता आणि माझी चाळणी त्यांत ठिपके शोधून देत होती. दोष कुठे आहे ते हळूहळू दिसायला लागलं. गाभ्याकडे वायूचा उजेड डोंगराच्या कड्यासारखा एकदम चढतो. माझी चाळणी त्या चढालाच अडखळायची आणि तिथे ठिपका आहे असं सांगायची. शिवाय जिथे फोटॉन जास्त, तिथे त्यांचे नशिबाने होणारे चढउतारही मोठे. मी सगळ्या चित्राला जवळजवळ एकच उंबरठा लावला होता. कडेला तो योग्य होता, गाभ्याजवळ फारच बुटका. परीक्षकाचा संशय खरा होता.

मी सरांना फोन केला. यावेळी बूथमधला काचेचा दरवाजा नीट लावून घेतला.

"सर, गाभ्याजवळचे सगळे ठिपके मी परत तपासणार आहे. प्रत्येक जागेचा उंबरठा वेगळा काढायचा. हजारो रिकामी चित्रं बनवून."

"किती दिवस लागतील?"

"माहीत नाही."

"कुसुम, तुझी रजा संपतेय. तो दुसरा गट थांबणार नाही. कडेचे पाच ठिपके ठेव, आतले 'संभाव्य' म्हणून छाप. लोक असं करतात. यात खोटं काही नाही."

सर मला फसवायला सांगत नव्हते. 'संभाव्य' हा आमच्या शास्त्रात मान्य शब्द आहे, आणि त्यांना माझी काळजी होती. पण मला स्टाफरूममधला तो चहाचा कप दिसत होता. इतर कुणाचा ठिपका खोटा निघाला असता तर तो त्या माणसाचा ठिपका खोटा निघाला असता. माझा निघाला असता तर आश्रमशाळेतून माझ्या मागून येणाऱ्या प्रत्येक मुलीला तो ऐकवला गेला असता.

"सर, मला माहीत आहे की यांतले काही नाहीतच. मग संभाव्य कसं म्हणू?"

फोनचं मीटर पळत होतं. शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे. कर. पण पूर्ण कर. अर्ध्यात सोडू नकोस."

रजा संपली. मी कॉलेजात रुजू झाले. सकाळी तास, दुपारी प्रात्यक्षिकं, आणि मधल्या प्रत्येक रिकाम्या वेळात रिकामे समूह. शेख सरांनी प्राचार्यांना पटवून कॉम्प्युटर लॅबमधली सगळी यंत्रं सुट्टीच्या दिवशी मला मिळवून दिली. प्रत्येक यंत्र आपापला खोटा समूह बनवत बसायचं. यशवंतांनी पाळी बदलून घेतली आणि संध्याकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला. त्यांना पिठलं आणि भात एवढंच येत होतं. आम्ही जवळजवळ वर्षभर पिठलं-भात खाल्ला आणि आमच्या शाळकरी मुलाने शेजारच्या काकूंकडे तक्रारही केली.

त्या वर्षाच्या मध्यावर परदेशी गटाचा निबंध छापून आला. तोच समूह. त्यांनी गाभ्याजवळ नऊ ठिपके जाहीर केले होते. त्यांत माझा पूर्वेचा ठिपका होता. त्यांच्या नावाने.

सरांनी तो निबंध पोस्टाने पाठवला, सोबत एकही शब्द नाही. मी तो वाचला, घडी घातली आणि त्या दिवशी तासावर जाऊन मुलांना लंबकाचं गणित शिकवलं. संध्याकाळी यशवंतांनी विचारलं, "आता काय?"

"आता काही नाही. आहे तेच चालू ठेवायचं."

"तो ठिपका तुझा होता ना?"

"मला अजून माहीत नाही तो आहे की नाही. त्यांनाही माहीत नसावं."

काम पूर्ण झालं तेव्हा कडेचे पाच ठिपके जागच्या जागी होते. गाभ्याजवळच्या सहांपैकी दोन नव्या उंबरठ्यावरून आत आले. चार बाहेर राहिले. पूर्वेचा त्या चारांत होता, उंबरठ्याच्या अगदी खाली. मी त्याच्यासाठी पुन्हा एकदा सगळं चालवून बघितलं, फक्त त्याच्यासाठी. फोटॉन कमीच पडत होते. त्या जागी इतका फुगवटा नशिबानेही येऊ शकतो, असं रिकामी चित्रं सांगत होती. दीर्घिकेच्या जागी असणं हा पुरावा थोडा जड होता, पण समूहात दीर्घिका इतक्या दाटीने असतात, की कुठेही बोट ठेवलं तरी जवळ एखादी सापडते.

मी त्याला वगळलं. त्याच्यावर लिहिलेलं प्रकरण प्रबंधातून काढून टाकलं. त्या जागी शेख सरांच्या रिकाम्या चित्रांवरचं प्रकरण आलं. निबंध सात ठिपक्यांचा झाला. शेख सरांचं नाव त्यात लेखक म्हणून घातलं, तेव्हा ते घाबरले. "मॅडम, कोणी मला ताऱ्यांबद्दल विचारलं तर?"

"सांगा, एरर दाखवा."

परीक्षकाने दुसऱ्या खेपेला एकच ओळ लिहिली, की छापावा. पीएच.डी. झाली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. त्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी पेढा घेतला आणि विचारलं, "काय शोधलंत शेवटी?" मी म्हटलं, "सात ठिपके. आधी अकरा वाटले होते, चार काढून टाकले." त्यांना यात अभिनंदन कशाचं करायचं ते समजलं नाही. पेढा मात्र पूर्ण खाल्ला.

निबंधाची फारशी दखल कोणी घेतली नाही. परदेशी गटाचे नऊ ठिपके सगळीकडे उद्धृत होत राहिले. ते मला लागत होतं, खोटं कशाला बोलू? एका परिषदेत तर माझ्यासमोरच एका तरुण संशोधकाने पूर्वेच्या ठिपक्यावर व्याख्यान दिलं. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकलं.

दोन हजार सालानंतर नवी क्ष-किरण दुर्बीण कामाला लागली होती. जुन्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी तीक्ष्ण नजरेची. तिने आमच्या समूहाचं चित्र घेतलं आणि काही काळाने ते खुलं झालं. आता सीडी आणायला पुण्याला जायची गरज नव्हती. कॉलेजात इंटरनेट आलं होतं, फक्त ते गोगलगाईच्या पावलांनी चालायचं. फाईल उतरत असताना मी दोन तास शिकवून आले. शेख सर तोवर खुर्ची सोडून हलले नव्हते.

चित्र उघडलं. गाभ्याजवळचा उजेड आता गुळगुळीत गोळा नव्हता. त्यात वायूच्या लाटा होत्या, कडा होत्या, पोकळ्या होत्या. मी एकेक जागा तपासत गेले. कडेचे पाच, पाचही होते. त्यांतला एक तर दोन ठिपके शेजारी शेजारी असा निघाला. गाभ्याजवळच्या दोघांपैकी एक होता. दुसऱ्याच्या जागी वायूच्या एका कडेशिवाय काही नव्हतं. तो आजही माझ्या नावावरची चूक आहे. मग वगळलेले चार. पहिला नाही. दुसरा नाही. तिसरा नाही.

पूर्वेचा होता.

सुईच्या टोकाएवढा, स्वच्छ, बरोबर त्या अंधूक दीर्घिकेच्या मध्यावर. ज्याच्यावर मी एक प्रकरण लिहिलं होतं, तोच.

"मॅडम," शेख सर हळूच म्हणाले, "म्हणजे हा खरा होता. मी ते रिकामं चित्र दिलं नसतं तर..."

"तर बाकीचे तीनही मी छापले असते," मी म्हटलं. मी उठून खिडकीपाशी गेले. खाली मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती. थोडा वेळ तिथे उभी राहिले, मग परत येऊन बसले आणि परदेशी गटाचे नऊ ठिपके तपासायला घेतले. त्यांतले सहा त्या चित्रात कुठेच नव्हते.

तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण नवं चित्र हातात होतं आणि त्यात जुन्या चित्रापेक्षा बारीक ठिपके शोधता येणार होते. मी आणि शेख सरांनी पुन्हा रिकामी चित्रं बनवायला घेतली, नव्या कॅमेऱ्याची, नव्या गाभ्याची, लाटा आणि कडांसकट. पुढची तीन-चार वर्षं त्यात गेली. आमच्या दुसऱ्या निबंधात मी पहिल्याच पानावर लिहिलं, की पूर्वेचा स्रोत खरा आहे, आम्ही पूर्वी तो वगळला होता, आणि गाभ्याजवळचा आमचा एक स्रोत खोटा आहे, तो मागे घेत आहोत. सबनीस सर तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी हस्तलिखित वाचून फोन केला. "पहिल्याच पानावर?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "बरं केलंस," एवढंच म्हणाले.

ते काम मी एका परिषदेत सादर केलं. व्याख्यान संपलं तेव्हा मागच्या रांगेतून एक तरुण उभा राहिला. पूर्वेच्या ठिपक्यावर पूर्वी बोललेला तोच.

"मॅडम, आता तो स्रोत खरा ठरलाय," तो म्हणाला. "म्हणजे तेव्हा तुम्ही तो वगळलात, ते चुकलंच ना?"

सभागृहात लोक माझ्याकडे बघत होते. मला उत्तर शोधावं लागलं नाही.

"स्रोत होता," मी म्हटलं. "पुरावा नव्हता. आज तेच जुनं चित्र माझ्यासमोर ठेवलंत, तर आजही मी तो वगळीन."

त्याने हातातली वही उघडली. मग त्याने विचारलं, "ती रिकामी चित्रं कशी बनवायची, मला शिकवाल?"

मी त्याला नाशिकला बोलावलं.